आधी वजन की आधी सायकल?

मध्यम श्रमाचे काम दीर्घकाळ न थांबता करीत राहण्याच्या शरीराच्या क्षमतेला मराठीत दमसास असा जुना आणि नेमका शब्द आहे. ही क्षमता हृदय, फुप्फुसे, रक्तवाहिन्या आणि स्नायू यांच्या एकत्रित सवयीतून तयार होते, आणि सवय म्हटली की तिला वेळ लागतो हेही ओघानेच आले. शाळा सुटल्यापासून सायकलीला हात न लावलेल्या, वजनाने जड झालेल्या मध्यमवयीन माणसाने एखाद्या सत्कार्यासाठी पन्नास किलोमीटर सायकल चालवण्याचे मनावर घेतले, तर त्याने आधी वजन उतरवावे की आधी सायकलीवर बसावे, असा प्रश्न उभा राहतो. शास्त्रग्रंथांत आक्षेप घेणारा पूर्वपक्ष प्रथम पुरेशा ताकदीने मांडून मगच उत्तरपक्ष सांगण्याची रीत आहे, आणि या प्रश्नाला ती विशेष मानवते, कारण येथे आक्षेप घेणारा बहुधा तो जड माणूस स्वतःच असतो.

संवादाचे स्थळ सिहोरा हे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील गाव आहे. वैनगंगा आणि बावनथडी या नद्यांच्या परिसरातील हा धानाचा मुलूख बराचसा सपाट असून, चांदपूरच्या जलाशयाकडे गेले की सातपुड्याच्या टेकड्या सुरू होतात. संवादातील दोघेही कल्पित आहेत. एक कापड दुकानदार आहेत, ज्यांचे वय ४६, उंची १७० सेंटिमीटर आणि वजन १०४ किलो आहे. दुसरे निवृत्त गुरुजी आहेत, ज्यांची सारी नोकरी सायकलीवरून शाळेत जाण्यात गेली. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो आकडा येतो त्याला शरीरवस्तुमान निर्देशांक म्हणतात. भारतीयांसाठी तो २५ किंवा त्याहून अधिक असल्यास स्थूलता मानली जाते आणि दुकानदारांचा निर्देशांक ३६ आहे. गुरुजींनी मांडलेला बेत असा की, २६ जानेवारीला पन्नास किलोमीटरची फेरी काढावी, चालवलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे ठरावीक रक्कम देण्याचे गावकऱ्यांनी आधी कबूल करावे, आणि जमलेला पैसा सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या मुलांच्या दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी वापरावा.

दुकानदारांचा पहिला आक्षेप सरळ आहे. “गुरुजी, हे शरीर आधी ऐंशी किलोवर येऊ द्या, मग सायकलीचे बोला. एवढ्या वजनाने सायकल चालवायची म्हणजे सायकलीचेही हाल आणि चालवणाऱ्याचेही. शिवाय चौकातून जाताना लोक बघतील ते वेगळेच.”

गुरुजी या आक्षेपाला हिशेबाने उत्तर देतात. शरीरातील एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठलेली असते, आणि शंभर किलोचा माणूस बेताच्या वेगाने तासभर सायकल चालवतो तेव्हा ५०० ते ६०० किलोकॅलरी खर्च होतात, ज्यांतील शंभरेक तर तो नुसता बसून राहिला असता तरी खर्च झाल्या असत्या. आठवड्याला तीन तास सायकल चालवली आणि जेवणात काहीच बदल केला नाही, तर सोळा आठवड्यांत सुमारे तीन किलो वजन उतरेल. “भाऊ, याच चालीने चोवीस किलो उतरायला अडीच वर्षे लागतील. आहार सांभाळला तर लवकर उतरेल, हे खरेच आहे. पण दमसास अडीच वर्षे थांबत नाही. नियमित सायकल चालवू लागल्यापासून काही आठवड्यांतच हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते आणि स्नायूंत नव्या केशवाहिन्या फुटू लागतात. पेशींमधल्या तंतुकणिका, म्हणजे प्राणवायूच्या साहाय्याने अन्नाची ऊर्जा करणारी सूक्ष्म इंद्रिये, संख्येने वाढतात. हे सारे १०४ किलोच्या शरीरातही तसेच घडते. वजन काट्यावर हलायच्या आधी दम वाढलेला असतो.”

लोक बघतील, या वाक्याला मात्र गुरुजी हिशेबाने उत्तर देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. जड माणसाला व्यायामापासून दूर ठेवणाऱ्या कारणांत गुडघ्यांपेक्षाही ही लाज मोठी असते, आणि समोरच्याने ती क्षुल्लक ठरवल्याने ती जात नाही. गुरुजी इतकेच सुचवतात की पहिला महिना पहाटे फटफटल्यावर, चौक टाळून, धानाच्या बांध्यांमधल्या रस्त्याने जावे आणि पहिले काही दिवस दोघांनी मिळून निघावे. जोडीने जाणाऱ्या दोन सायकलींकडे गाव वेगळ्या नजरेने पाहते.

दुसरा आक्षेप गुडघ्यांचा आहे. दुकानदारांचे म्हणणे असे की दुकानाच्या तीन पायऱ्या चढतानाही ज्या गुडघ्यांतून कळ येते, ते पन्नास किलोमीटरभर पायडल कसे मारणार. येथे सायकलीच्या रचनेतील एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार पाय झेलतात, तर सायकलीवर बहुतेक वजन सीट वाहते आणि गुडघा केवळ वाकतो व सरळ होतो. अतिशय वजनदार माणसाने धावण्याऐवजी सायकलीने सुरुवात करावी असे सांगतात ते याच कारणाने. गुरुजी येथे दुकानदारांच्या घरच्या जुन्या काळ्या सायकलीची सीट तपासतात. गावात सीट इतकी खाली ठेवण्याची पद्धत आहे की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकावेत, आणि बसणाऱ्याला त्यात सुरक्षित वाटत असले तरी अशा सीटवर गुडघा दर फेऱ्याला अर्धवट वाकलेलाच राहतो आणि वाटीच्या मागे दुखू लागते. योग्य उंची शोधण्याची रीत सोपी आहे: भिंतीला हात टेकून सीटवर बसावे, पायडल अगदी खाली आणावे, त्यावर टाच ठेवावी, गुडघा त्या वेळी जवळजवळ सरळ झाला पाहिजे. चालवताना टाचेऐवजी चवडा पायडलवर येतो, त्यामुळे गुडघ्याला हवा तेवढा किंचित बाक आपोआप मिळतो. दुकानदारांची सीट या मापाने चार बोटे वर घ्यावी लागली आणि हँडलही थोडे उचलावे लागले, कारण खाली वाकल्यावर पोट मांड्यांना अडते आणि श्वास पुरा घेता येत नाही.

जड माणसाला पहिल्या महिन्यात थकव्यापेक्षा बैठकीचा त्रास अधिक होतो, आणि पुष्कळांची सायकल दमाअभावी सुटत नसून बूड दुखते म्हणून सुटते. हे स्पष्ट सांगायला लोक संकोचतात, म्हणून येथे लिहिणे आवश्यक आहे. बसताना भार पेलणारी दोन हाडे ओटीपोटाच्या खाली असतात आणि सीट मागच्या बाजूला इतकी रुंद असावी लागते की ती दोन्ही हाडे तिच्यावर टेकतील. फार मऊ, गादीसारखी सीट दुकानात सुखाची वाटते, पण तासाभरात हाडे तिच्यात रुततात आणि मधला नाजूक भाग दाबला जातो. दर दहा मिनिटांनी क्षणभर पायडलवर उभे राहून बूड मोकळे करावे, जाड शिवणीचे कपडे आत घालू नयेत, जांघा जिथे घासतात तिथे निघण्यापूर्वी व्हॅसलिन किंवा खोबरेल लावावे, आणि त्वचा सोलवटली असेल तर दोन दिवस विश्रांती घ्यावी. पहिले तीन आठवडे ही दुखणी राहतात, मग शरीर सरावते.

सायकलीबद्दल दुकानदारांना वाटते की गिअरची महागडी सायकल घेतल्याशिवाय हे जमणार नाही. गुरुजींचे मत उलट आहे आणि ते बरेचसे पटण्यासारखे आहे. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराला हवेचा विरोध आणि टायरचे रस्त्याशी होणारे घर्षण या दोन गोष्टींशी झगडावे लागते. पहिला वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे सावकाश चालवणाऱ्याला थोडा जाणवतो आणि दुसऱ्यात वजनाचा वाटा असला तरी तो माफक असतो. चढावर मात्र प्रत्येक किलो वर उचलावा लागतो आणि वजनाची पुरी किंमत मोजावी लागते. सिहोऱ्याभोवतीची धानाची सपाटी म्हणूनच जड नवशिक्यासाठी उत्तम शाळा आहे आणि टेकड्यांकडचा रस्ता तिसऱ्या महिन्यापर्यंत टाळणे शहाणपणाचे आहे. काळ्या सायकलीच्या मागच्या चाकाला चाळीस तारा असतात, ज्यामुळे ती भार चांगला सोसते. दुरुस्तीवाल्याकडून चाकाचा आऊट काढून घ्यावा, छर्रे व ग्रीस बदलून घ्यावे, ब्रेकचे रबर नवे घालावे आणि हवा दर आठवड्याला भरावी, कारण जड स्वाराच्या वजनाखाली सैल टायर दबतो, घर्षण वाढते आणि ट्यूब रिमवर चेंगरून पंक्चर होते.

आता मुख्य भाग, म्हणजे किती आणि कसे चालवायचे. दुकानदारांची समजूत अशी की घाम फुटून धाप लागली नाही तर व्यायाम झालाच नाही. गुरुजी येथे ठाम आहेत. “भाऊ, सायकल चालवताना बावीसचा पाढा मोठ्याने म्हणा. अडखळत का होईना, पुरा म्हणता आला तर वेग बरोबर आहे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. आणि गाणे म्हणता येत असेल तर थोडे जोरात चालवायला हरकत नाही.” या पाढ्यामागे शरीरशास्त्र आहे. स्नायू आणि यकृत यांत ग्लायकोजेन नावाचा पिष्टमय साठा असतो, जो एकूण चार-पाचशे ग्रॅमच्या आसपास भरतो आणि जोराच्या श्रमात दीड-दोन तासांत आटत येतो; चरबीचा साठा जवळजवळ अखूट असतो, पण चरबी जाळायला भरपूर प्राणवायू लागतो आणि तो बेताच्या वेगातच पुरतो. सावकाश चालवणारा माणूस शरीराला चरबीवर चालायला शिकवत असतो, आणि लांब पल्ल्याचा दमसास हाच असतो. धापा टाकत चालवणारा दर वेळी छोटा साठा रिकामा करतो, दोन दिवस दुखत राहतो आणि तिसऱ्या दिवशी सायकल भिंतीला लावून ठेवतो.

गुरुजी अंतर न मोजता वेळ मोजायला सांगतात, कारण समोरचा वारा आणि खराब रस्ता किलोमीटरचा हिशेब बिघडवतात, मिनिटांचा बिघडवत नाहीत. आठवड्यातून तीन दिवस चालवायचे. दोन दिवस छोटी फेरी, जी वीस मिनिटांपासून सुरू होऊन पाऊण तासापर्यंत जाईल, आणि एक दिवस लांब फेरी. लांब फेरी पहिल्या महिन्यात तीस मिनिटांवरून चाळीसवर, दुसऱ्यात सत्तरवर, तिसऱ्यात एकशे दहावर आणि चौथ्याच्या मध्यात दीडशेवर न्यायची. दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करायची, कारण शरीराची बांधणी श्रमात होत नाही, श्रमानंतरच्या विश्रांतीत होते. दीडशे मिनिटांत साधारण पस्तीस किलोमीटर होतात आणि ज्याला एवढे निवांत जमते त्याला फेरीच्या दिवशी, मध्ये थांबे घेत, पन्नास जमतात. फेरी तासाहून लांबली की दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जावेत, म्हणजे दोन केळी किंवा मुरमुऱ्यांचे गूळ घातलेले दोन-तीन लाडू, आणि ऊन असेल तर अर्धा ते पाऊण लिटर पाणी चिमूटभर मिठासह घोट घोट प्यावे. भूक लागल्यावर खायला घेतले तर उशीर झालेला असतो.

या टप्प्यावर दुकानदारांचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि गुरुजींकडे त्याचे तयार उत्तर नाही. ऑक्टोबर ते जानेवारी हे चार महिने हवेच्या दृष्टीने उत्तम असले, तरी धानाची कापणी, मळणी आणि विक्री याच काळात होते, हातात पैसा आलेला शेतकरी लग्नसराईचे कापड याच काळात घेतो, आणि दुकानदाराला उसंत नसते. शिवाय रस्त्यावर धानाचे ट्रॅक्टर आणि रेतीचे टिप्पर याच दिवसांत वाढतात. “गुरुजी, तुमची पेन्शन आहे. दुकान दहाला उघडून रात्री नऊला बंद होते. अडीच तासांची फेरी कुठल्या दिवशी बसवायची? आणि अंधारात टिप्परपुढे सायकल घालायची का?” पुष्कळ वेळापत्रके अशाच ठिकाणी कोसळतात, कारण ती मोकळ्या माणसासाठी लिहिलेली असतात. गुरुजी माघार घेतात आणि बेत बदलतात: छोट्या फेऱ्या दुकानापूर्वी होतील, लांब फेरी बाजार नसलेल्या एकाच दिवशी होईल आणि तीही उजाडल्यानंतर, सायकलीला मागे लाल परावर्तक आणि दिवा, अंगात उजळ रंगाचा सदरा आणि डोक्यावर हेल्मेट हे ठरून जाईल, आणि लांब फेरी दीडशेऐवजी शंभर मिनिटांवर थांबली तरी चालेल, मात्र मग पन्नास किलोमीटर दोघांनी वाटून घ्यायचे.

वाटून घेणे दुकानदारांना फसवणूक वाटते. गुरुजी नाशिकच्या महेंद्र आणि हितेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंचा दाखला देतात. त्यांनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत आदिवासींच्या नेत्रसेवेसाठी निधी उभारण्याच्या हेतूने नऊ दिवसांच्या आत पुरी केली, आणि ती दोघांच्या संघाने, म्हणजे एक चालवत असताना दुसऱ्याने विश्रांती घ्यायची या रीतीने केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत २०१७ साली एकट्याने बारा दिवसांच्या मर्यादेत पुरी केली. दोन्ही पराक्रम मोठेच आहेत आणि शर्यतीचे नियम दोन्ही रीतींना मान देतात. दुकानदार म्हणतात, “ते तयारीचे खेळाडू. त्यांची तुलना इथे कशाला?” तुलना वेगाची नाहीच. आनंदवनाच्या बाबा आमटे यांनी १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रा काढली तेव्हा शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर होते आणि पाठीच्या कण्याच्या विकारामुळे बसणेही अशक्य झालेले बाबा वाहनात आडवे पडून त्यांच्याबरोबर जात होते. सायकल न चालवणारा माणूस त्या यात्रेच्या केंद्रस्थानी होता, आणि म्हणून यात्रा उणी ठरली नाही.

दुकानदारांचा शेवटचा आक्षेप पैशाचा आहे आणि व्यापाऱ्याने तो घ्यायलाच हवा: निधी द्यायचा तर सरळ द्यावा, मध्ये घाम कशाला, आणि अशा कार्यक्रमांत अर्धा पैसा टी-शर्ट, फलक आणि नाश्त्यावर जातो त्याचे काय. गुरुजी पहिल्या अर्ध्याला उत्तर देतात. सरळ देणगी एका हातून दुसऱ्या हाती जाते आणि विसरली जाते. चार महिने आठवड्यातून तीनदा पहाटे जाणारी सायकल गाव पाहते, विचारते, आणि विचारणाऱ्यातले काही जण देतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात कर्करोग संशोधनासाठी १९८० साली ३६ सायकलस्वारांनी सुरू केलेली ‘पॅन-मास चॅलेंज’ ही फेरी याच रीतीने वाढत गेली. दुसऱ्या अर्ध्यावर मात्र दुकानदारच बरोबर आहेत, आणि त्याच अमेरिकी फेरीत स्वारांनी जमवलेला सर्व पैसा कर्करोगाच्या संस्थेकडे जाऊन आयोजनाचा खर्च प्रायोजकांकडून वेगळा भागवला जातो, ही गोष्ट त्यांच्या बाजूची आहे. सिहोऱ्यातही फलक आणि नाश्ता आयोजकांनी खिशातून करावा, आणि जमा-खर्चाचा कागद ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकावर लावावा, ही अट दुकानदार घालतात; ती मान्य होताच ते बेतात सामील होतात.

एक गोष्ट दोघांच्याही बोलण्यातून सुटली होती आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. सिकलसेल हा रक्तातील हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष असून त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि पूर्व विदर्भात तो बऱ्याच कुटुंबांत आढळतो. दोन्ही पालकांकडून दोष आला तर आजार होतो आणि अशा रुग्णाला अतिश्रम व पाण्याची कमतरता यांमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. एकाच पालकाकडून दोष आलेला वाहक सहसा निरोगी असतो, पण उन्हात, पाण्याविना आणि एकदम फार श्रम केल्यास क्वचित त्याच्याही स्नायूंना गंभीर इजा होते. ज्या आजारासाठी फेरी काढायची, तो फेरी काढणाऱ्याच्याच रक्तात नकळत असू शकतो. जड आणि मध्यमवयीन माणसाला रक्तदाब, रक्तातील साखर आणि हृदयाचा आलेख याही तपासण्या लागतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने व्यायामाच्या दिवसांतील मात्रा डॉक्टरांना विचारून घ्यावी आणि खिशात साखर ठेवावी. आणि चालवताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अथवा भोवळ जाणवली तर तिथेच थांबून तडक दवाखाना गाठावा.

म्हणून २६ जानेवारीला ज्यांना सायकलीवर निघायचे आहे, त्यांनी वजनाच्या काट्याची वाट पाहत बसू नये. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जवळच्या शासकीय आरोग्य केंद्रात रक्तदाब, साखर व हृदयाचा आलेख तपासून घ्यावा, सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी करून घ्यावी, आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे वीस मिनिटांसाठी निघावे.